झुंबरबाईचा बिनविस्तवाचा कोपरा

शिंदखेड्याकडच्या एका कोरडवाहू गावातून झुंबरबाई लग्न होऊन धुळ्यात आली. नवरा वना मालधक्क्यावर हमाल होता. पटकीच्या साथीत तो गेला, आणि महिनाभरातच ती भिकमचंद शेठच्या जिनिंगमध्ये कामाला लागली. काम एकच, सरकी उलथायची.

कापसातून रुई निघाली की मागं उरतं ते बी म्हणजे सरकी. जिनांखालून ती पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडे आणि तिचा माणसाच्या दुप्पट उंचीचा ढीग होई. सरकी कोरडी असली तर बिचारी गुपचूप पडून राहते. ओली असली तर तापते. एक दिवस तशीच ठेवली तर हाताला ऊन लागते, चार दिवस ठेवली तर आत हात घालवत नाही, आणि त्याहून जास्त ठेवली तर काळी पडते, कुबट वास सुटतो, एखादे वेळी धूरही निघतो. म्हणून ढीग रोज उलथायचा. खालची वर, आतली बाहेर.

हे काम दिसायला सोपं आहे आणि म्हणूनच ते वाईट करणारे पुष्कळ असतात. फावडं दंडाच्या जोरावर मारलं तर दुपारपर्यंत दंड जातात आणि ढिगाची वरची साल तेवढी हलते. फावडं कमरेतून मारायचं, गुडघा वाकवून, पातं आडवं घालून. झुंबरबाईच्या फावड्याचा आवाज फरशीला लागल्याचा येई. खर्र. तो आवाज आला नाही तर ढीग उलथलाच नाही असं ती मानायची, मग मुकादम काहीही म्हणो.

तिचं तोंडही तिच्या फावड्यासारखंच, तळाला लागणारं. नव्या बायांना ती सांगे की ढिगाच्या पोटात एक म्हातारा निजलेला आहे, त्याला पाणी पाजू नका, तो जागा झाला तर सगळ्यांना पळावं लागेल. बाया हसत, पण पाण्याची घागर ढिगापासून लांब ठेवत.

जिनिंगमध्ये एक नियम होता आणि तो शेठनं स्वतः घातलेला होता. इंजिनघर सोडलं तर आवारात विस्तव नाही. बिड्या आणि काड्यापेट्या फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवून आत यायचं. रुई कशी पेटते ते ज्यानं पाहिलं आहे त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्याजवळ विस्तव सापडेल त्याला दुसऱ्या दिवशी फाटक बंद.

त्या वर्षी कार्तिकात अवकाळी पाऊस झाला. कापूस ओलसर आला, सरकी ओलसर निघाली, आणि पौषात अशी थंडी पडली की पांझरा नदीच्या कडेला राहणारी माणसं सकाळी बोलताना तोंडातून इंजिनासारखी वाफ सोडू लागली. शेडमधल्या बायांची बोटं वाकेनात. दुपारी भाकरी सोडायच्या तेव्हा ती लाकडासारखी वाजे.

झुंबरबाईची भाकरी मात्र मऊ आणि ऊन असे.

ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात आली ती लीलाधर मुकादमाच्या. लीलाधर चाळिशीचा, मिशीला तेल लावणारा माणूस. त्याची मेहुणी पुष्पाबाई नवऱ्यामाघारी त्याच्याच घरी येऊन राहिली होती, आणि तिला सरकीच्या ढिगावर लावतो असा शब्द त्यानं बायकोला देऊन ठेवला होता. ढिगावर जागा रिकामी होत नव्हती, आणि घरी बायको रोज विचारत होती. झुंबरबाईच्या कामात खोट काढणं त्याला जमलं नव्हतं. पण थंडीत ऊन भाकरी म्हणजे विस्तव, आणि विस्तव म्हणजे फाटक बंद.

तो कामाला लागला. सकाळी फाटकाशी त्यानं बायांच्या पदराच्या गाठी सोडायला लावल्या. शेडच्या पत्र्यांमागे पाहिलं, पोत्यांखाली पाहिलं, नाक वर करून वास घेतला. निखारा नाही, राख नाही, धूर नाही. झुंबरबाईला हे कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर तिनं त्याला छळायचं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो समोरून जाताना तिनं भाकरीचा तुकडा तोडला, त्यावर फुंकर घातली आणि जीभ भाजल्यासारखं तोंड केलं. लीलाधर तिथंच थबकला. संध्याकाळपर्यंत त्यानं शेडला सात फेरे घातले असतील.

खरी गोष्ट साधी होती. ढिगाचा एक कोपरा तिनं राखला होता. ती सरकी गुरांच्या खाद्याला जाणारी, बियाण्याला नव्हे, हे तिनं आधी पाहून घेतलं होतं. तो कोपरा ती इतरांसारखा पुरता मोकळा करत नसे. त्यात कोपरापर्यंत हात घालून बघायची. ऊब कमी वाटली तर वरून सरकी ओढायची, जास्त वाटली तर फोडून वारा द्यायची. सकाळी भाकरीचं फडकं त्यात खुपसायचं, दुपारी काढायचं. यात आळस होता असं कोणी म्हणेल तर त्यानं एकदा करून पाहावं. सगळा ढीग थंड ठेवायला कष्ट लागतात. कोपरा एकाच उबेत ठेवायला त्याहून जास्त लागतात, कारण दिवसातून पाच-सहा वेळा तिथं परत यावं लागतं आणि बाकीचं काम कोणी माफ करत नाही.

भाकरीपुरतं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण पौष सरता सरता तिच्या घरात मुंगूस शिरलं. खुडूक बसलेली तिची तांबडी कोंबडी त्यानं मारली. अंडी तशीच राहिली, आणि झुंबरबाईनं हात लावला तेव्हा ती अजून ऊन होती. तिनं ती उचलली, लुगड्यात पोटाशी बांधली आणि कामावर निघाली. त्या सकाळी लीलाधरनं पदराच्या गाठी तपासल्या. पोटाकडे बोट दाखवायची त्याची छाती झाली नाही.

पहिल्या दिवशी तिनं चूक केली. दोन अंडी ढिगात खोल, खांद्यापर्यंत हात जाईल एवढ्या खोलीवर पुरली, बाकीची वरच्या अंगाला टोपलीत भुसा घालून ठेवली. दोन दिवसांनी खोलातली अंडी हलवून पाहिली तर खुळखुळली. मेली. ऊब तिथं काही प्रमाणाबाहेर नव्हती. पण खड्ड्यात तोंड घालून वाकलं की तिला स्वतःलाच जड वाटे, छाती भरून येई. ढिगाच्या पोटात हवा शिळी आहे, आणि अंड्यालाही ताजी हवा लागते, एवढं तिला त्यावरून उमगलं. पुढं तिनं टोपली वरच ठेवली, कोपराएवढ्या खोलीवर, वर फडकं आणि फडक्यावर विरळ सरकी. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते तशी ती हातानं फिरवायची. उलथायचंच काम तिचं, ढीग काय आणि अंडी काय.

आता भाकरी टोपलीला टेकवून ठेवता येत नव्हती म्हणून ती गार खाऊ लागली. लीलाधरला वाटलं, बाई घाबरली, विस्तव आता कुठंतरी पुरून ठेवला आहे. तो तिच्या हातावर नजर ठेवून बसला आणि ती दिवसातून किती वेळा त्या कोपऱ्यात हात घालते ते त्यानं पाहिलं. मग मात्र त्यानं घाई केली नाही. शेठ आवारात येण्याचा दिवस धरून तो थांबला.

भिकमचंद शेठ पाणी गाळून पिणारा, दिवस मावळल्यावर घास न घेणारा माणूस. त्या दिवशी त्याच्याबरोबर शेतीखात्याचे ओव्हरसियर जीवराम पाटील आले होते, बियाण्याची सरकी पाहायला. लीलाधरनं दोघांना कोपऱ्याशी आणलं, सगळ्या बायांना बोलावलं, आणि शेठ, विस्तव दाखवतो, असं म्हणून सरकीत दोन्ही हात घातले. टोपली निघाली. ऊन होती. त्याचा चेहरा फुलला. त्यानं फडकं ओढलं.

आत अंडी.

शेठ दोन पावलं मागं सरला. त्या वस्तूचं नावही त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. बाया भिंतीला चिकटल्या. विस्तव परवडला असता, असं प्रत्येकीला वाटलं. झुंबरबाईलाही वाटलं. फाटक बंद झाल्यावर धुळ्यात दुसऱ्या कुठल्या जिनिंगमध्ये हंगामाच्या मध्यावर जागा मिळते, याचा तिनं मनात हिशेब करून टाकला. कुठंच नाही.

लीलाधरला आपल्या हाती विस्तवापेक्षा भारी काहीतरी लागलं आहे हे समजलं होतं, पण त्याला विस्तवही सोडवेना. तो म्हणाला की ऊब आहे म्हणजे आग आहे, कुठंतरी खाली आहे.

"लीलाधर भाऊ, आठे आग नही शे," झुंबरबाई म्हणाली. "सरकी जित्ती शे. हात घालीसन देखा."

शेठनं पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी खिशातली उष्णता मोजायची काचेची नळी काढली, ढिगात खुपसली, थांबले, वाचली आणि आग नाही अशी मान हलवली. मग त्यांनी समजावून सांगितलं. बी झोपलेलं असतं, मेलेलं नसतं. ओल लागली की त्याला पेरणी झाल्यासारखं वाटतं आणि ते जागं होतं. हवेतला प्राणवायू आत घेतं आणि आपल्या पोटातलं तेल थोडं थोडं खर्चतं. हे चालतं डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक बारीक कप्प्यांत, त्यांना पेशी म्हणतात. त्यातून बियाला जगायला आणि वाढायला जोर मिळतो. काही जोर मात्र ऊब होऊन बाहेर पडतो, आणि त्याबरोबर पाण्याची वाफ आणि ती जड हवा, जिच्यात दिवा विझतो. चुलीत लाकूड एकदम जळतं म्हणून ज्वाला दिसते. बियात तोच व्यवहार पायरी पायरीनं होतो म्हणून दिसत नाही.

"अंड्यात तेच," ते म्हणाले, "आणि माणसात तेच. आपण भाकरी खातो, हवा घेतो, अंग ऊन राहतं. फरक नाही."

झुंबरबाईनं हे नीट ऐकून घेतलं. मग पुढं होऊन तिनं लीलाधरच्या मनगटाला हात लावला, ताप बघतात तसा, आणि शेठकडे वळली.

"शेठजी, मुकादम भाऊबी ऊन शेतस. रोज फाटकमाईन आग घीसन येतस. त्यास्नी झडती कोन लेस?"

भिंतीजवळच्या बायांपैकी एकीनं तोंडात पदर कोंबला. पाटील नळी पुसू लागले. लीलाधरनं हात मागं ओढला आणि मिशीवरून फिरवला, जणू तिथंच काही पेटलं होतं.

शेठ हसला नाही. तो दुसऱ्याच विचारात होता. बी सजीव असतं हे त्याला नवीन नव्हतं, लहानपणापासून तो हेच ऐकत आला होता. अडचण टोपलीची होती. तो मुनिमाला हाक मारणार, टोपली आवाराबाहेर फेकायला सांगणार, एवढ्यात टोपलीतून आवाज आला. बारीक, चिव असा. पुन्हा आला. एका अंड्याला वरच्या अंगाला चीर गेली होती आणि चिरेतून काहीतरी ओलं हलत होतं.

शेठनं हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यानं झुंबरबाईला विचारलं की टोपली बाहेर नेली तर काय होईल. ती म्हणाली, गारठ्यानं मरतील. आणि इथंच ठेवून दुसऱ्या बाईनं पाहिलं तर? जिला आपल्या जागी आणायचं चाललं होतं त्या मुकादमाच्या मेहुणीचं नाव झुंबरबाईनं घेतलं नाही, लीलाधरकडे बघितलंही नाही. ऊब कमी झाली तर मरतील, जास्त झाली तर शिजतील, असं तिनं सरळ सांगितलं. शिजतील हा शब्द ऐकून शेठनं डोळे मिटले.

त्यानं निकाल दिला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या कोपऱ्याला कोणी हात लावायचा नाही, झुंबरबाई सोडून. मांजर-घारींपासून राखण मुकादमानं करायची, कारण टोपली त्यानंच उघडी पाडली. नंतर पिल्लं बाईनं घरी न्यायची, आणि त्यातलं एकही सुरीखाली जाणार नाही असा शब्द द्यायचा.

झुंबरबाई म्हणाली की देते शब्द, पण जन्मभर पोसायचं तर तिला कामही जन्मभर लागेल. सौदा शेठला कळत होता. त्यानं मान डोलावली. जाताना एवढं बजावलं की आवारात असली टोपली पुन्हा नको.

लीलाधर काठी घेऊन टोपलीशी बसला. थंडी होतीच. थोड्या वेळानं त्यानं पाठ सरकीला टेकवली, मग आणखी टेकवली, आणि दुपारी बाया जेवायला आल्या तेव्हा तो घोरत होता. झुंबरबाईनं नव्या बाईला खूण करून दाखवलं, हा बघ म्हातारा.

पाच पिल्लं निघाली. तीन कोंबडे होते, आणि दिलेल्या शब्दामुळे ते म्हातारे होऊन मेले. त्यातला एक आयुष्यभर अवेळी आरवला आणि सगळी गल्ली भिकमचंद शेठच्या नावानं बोटं मोडत उठली. झुंबरबाई ढिगावर राहिली. स्वातंत्र्याच्या आदल्या हंगामात कमरेनं साथ सोडली तेव्हा तिनं फावडं स्वतःहून खाली ठेवलं आणि जागा पुष्पाबाईला दिली. महिनाभर शेजारी उभं राहून तिनं तिला शिकवलं. खर्र आवाज आला नाही की पुन्हा मारायला लावी.

कोपरा मात्र पहिल्याच दिवशी दाखवला. पुष्पाबाईनं भीत भीत हात आत घातला तर बोटांना फडकं लागलं. तिनं ते ओढून काढलं. आत ऊन भाकरी होती, आणि फडक्याला मिशीच्या तेलाचा वास येत होता.

"ते ठेई दे परत," झुंबरबाई म्हणाली. "तुन्हा मेव्हनानी शे. इतला वरीस व्हयनात, मी माले काहीच दिखनं नही अशी वागस."