आधी कंदील

माझी आत्या भित्री. समोरून शेळी आली तरी रस्ता बदलणारी. लोकांनी फिरायला यावं म्हणून गावाबाहेर जी शेतबाग केली आहे, तिथे ती वीस वर्षं माळीण आहे आणि मी तिकीट-खिडकीवर. फुलांचे ताटवे, कातरलेली कुंपणं, मांडून ठेवलेले जुने नांगर, सगळ्यावर तिचा हात फिरतो. फक्त धान्य साठवायचं जुन्या पद्धतीचं पेव दाखवायला खणलंय ना, त्या खड्ड्याकडे ती फिरकत नाही. आम्ही तिला त्यावरून छळायचो. मी सहा महिन्यांची असताना माझे वडील तसल्याच पेवात गुदमरून गेले, हे ठाऊक असूनही छळायचो.

त्या सकाळी फाटक उघडायच्या आत पेवातला दिवा बदलायला आमचे हे आले. बागेतली विजेची कामं हेच करतात. पावसाळाभर झाकण बंद, आत शोभेला ओतलेलं धान्य भिजून आंबलेलं. यांनी झाकण सरकवलं, शिडी सोडली, एक पाय खाली टाकला.

"जावईबापू, थांबा!" आत्या चक्क ताटवा तुडवत धावत आली आणि यांची कॉलरच धरली.

"अहो आत्या, दोन मिनिटांचं काम. काही होत नाही."

आत्या पांढरीफटक पडली. खोटं कशाला बोलू, मला रागच आला. "लोक येतील आता, तमाशा नको," मी म्हटलं.

"तू यांना धर आधी!" ती माझ्यावरच खेकसली. आपल्या खोलीतून कंदील आणला, 'हात लावू नये' पाटीखालची मोटेची दोरी ओढून काढली आणि पेटता कंदील खाली सोडला. दोन हात खाली गेला नाही तोच विझला.

"वाऱ्याने गेला असेल," हे म्हणाले.

खड्ड्यात कसला आलाय वारा? तिने पुन्हा पेटवला. पुन्हा तिथेच विझला.

हे मटकन गवतात बसले. मी यांची बाही धरली ती सोडेचना.

"आत्या, तुझ्या भित्रेपणानेच वाचवलं गं आज," मी रडत म्हटलं.

ती दोरी गुंडाळत होती. माझ्याकडे बघेना.

"त्या दिवशीही कंदील घरात होता," ती म्हणाली. "दादा म्हणत होता, आधी दिवा सोडून बघू. मीच हसले. म्हटलं, भित्रा कुठला! उतर, काही होत नाही."