रडणाऱ्या चाकाची सायकल

आमच्या शेतामागच्या माळावरून एक पायवाट खाली उतरते. शेळ्यांनी पाडलेली. ती इतकी उभी आहे की वर उभं राहून शिंकलं तर शिंक आपल्याआधी शेतात पोचते. शेवटी ती नीट आमच्या विहिरीच्या तोंडावर चालून येते आणि विहीर हातभर राहिली की डावीकडं अंग चोरते. विहिरीला कठडा नाही. आजोबांनी बांधायचं ठरवलं होतं, वडिलांनीही ठरवलं होतं, आणि मीही ठरवून ठेवलेलं आहे. शेळ्या त्या वळणावर आपोआप थबकतात. सायकलीला थांबवावं लागतं.

ही वाट सायकलवरून उतरेन, असं मी बीडला बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना बोलून गेलो. तिथं जवळच माझं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी बोललो एकदाच, पण आमच्याकडं बोललेलं वाढीला लागतं. दुकान बंद करेपर्यंत मी थेट धर्मापुरीपर्यंत डोंगराडोंगरानं, हात सोडून जाणार असल्याचं मलाच कुणीतरी येऊन सांगितलं. आता माघार घ्यायची तर गाव सोडावं लागलं असतं.

सायकल निवडायला मी मेहुण्याला धरलं. हा बायकोचा धाकटा भाऊ. पुण्याला नोकरी करतो आणि सुट्टी आली की डोंगरात सायकल घालतो. तिथल्या दुकानात शिरताच मी पुढंमागं दोन्हीकडं स्प्रिंग असलेल्या सायकलीवर हात ठेवला. माझं अंग बघता खाली, वर आणि बाजूनंही स्प्रिंग चालल्या असत्या. त्यानं माझा हात तिथून उचलला.

"दाजी, ती न्हाई. ती म्हंजे हत्ती पोसायचा धंदा. तुमी हार्डटेल घ्या."

"म्हंजे?"

"पुढं सस्पेन्शन, मागं नुसती कडक फ्रेम. मागच्या अंगाला बिघडायला कायबी न्हाई."

"मागच्या अंगाला मी बसणार हाय, बे."

"म्हणूनच. दगड कुठं लागला ते तुमाला लगीच कळंल. मऊ सायकलवर कळत न्हाई, आन् न कळता माणूस जोरात जातो."

मग मापाचा वाद झाला. मला दुकानातली सगळ्यात मोठी पाहिजे होती, मग ती लग्नात बँडपुढं नाचवायच्या घोड्याएवढी का असेना. त्यानं मला सायकलीवर टांग टाकून उभं केलं आणि खाली वाकून वरच्या दांड्यात आणि माझ्यात किती जागा राहते ते बघितलं. मोठ्या मापात काहीच राहिली नाही. त्याहून लहानात चार बोटं राहिली.

"हीच. येळ आली तर उडी मारून बाजूला होता आलं पायजे."

"तशी येळ कावून यील?"

"असंच म्हणतो," तो म्हणाला आणि टायर बघायला निघून गेला. तो 'असंच' पुण्यापासून घरापर्यंत माझ्यासोबत गाडीत बसून आला.

सायकल घरी आली, पण आत जाईना. डोंगरातल्या सायकलचं हँडल म्हणजे मुऱ्हा म्हशीची गोल शिंगं ओढून सरळ केलेली. आमच्या दारात ते अडकलं. म्हणून ती पडवीतच ठेवली, आत्याच्या बाजेला लागून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. पुष्कळ वर्षांपूर्वी आत्याचे यजमान कड्याच्या साखर कारखान्याकडं उसाची बैलगाडी घेऊन निघाले आणि वाटेत गाडी उलटून वारले. तेव्हापासून ती आमच्याकडं आहे. रोज सकाळी कपाळाला विभूती लावते, लिंगपूजा करते आणि मग घराकडं बघते.

मेहुण्यानं पडवीत एक दिवसभर सायकल जुळवली. टायरमधल्या ट्यूब काढून टाकल्या आणि आत दुधासारखं पांढरं औषध ओतलं. बाभळीचा काटा घुसला तर ते भोक आतल्या आत बुजतं. हवा इतकी कमी ठेवली की मला वाटलं पंपच बिघडला.

"दगडाला टायरनं धरलं पायजे दाजी, त्याच्यावर उडायचं नसतं."

पुढच्या सस्पेन्शनमध्ये लहान पंपानं हवा भरून त्यानं मला वर बसवलं. चौथाई दबलं पाहिजे म्हणाला. मी बसलो तर ते थेट बुडालं. परत हवा, परत बसलो. शेवटी सस्पेन्शननं माझ्यापुढं हार मानली, का मी त्याच्यापुढं, पण चौथाईवर समझोता झाला. सीट उतारासाठी खाली घेतली. ब्रेकचे दांडे एका बोटात येतील असे फिरवले. जाताना चाकाच्या मधली पोलादी चकती दाखवून म्हणाला, "ह्या डिस्कला बोटबी लावायचं न्हाई. तेल तर लांबच राहू द्या. ब्रेक ह्याच्यावरच हायेत."

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? चकतीला तेल लावायला आमच्या घरात कोण बसलं होतं?

नवे ब्रेक रगडून बसवावे लागतात. जोरात जायचं, करकचून दाबायचं, परत जोरात जायचं. मी गल्लीत तेच करत बसलो. आणि सायकल रडायला लागली. दर वेळी ब्रेक दाबला की चाकातून असा लांबलचक, बारीक हंबरडा निघायचा की कुत्री ओट्याखाली शिरली. मेहुण्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, आवाज करू द्या, ब्रेक धरतोय म्हणून आवाज हाय.

आत्या बाजेवर उठून बसली होती.

"चाक रडतंय," ती म्हणाली.

"ब्रेक हाय तो, आत्या."

"त्या दिवशीबी असंच रडत होतं. मी म्हणलं वंगण घाला, घालून जावा. घाई होती त्यांला." ती माझ्याकडं बघत नव्हती, चाकाकडं बघत होती. "रडत्या चाकावर बसून जाऊ नको, लेका."

मी हसलो. आत बायको भाकरी थापत होती, तिचे हात मात्र थांबले. ती म्हणाली, "अहो, नंतर उतरा की. वाट कुठं पळून चाललीय?"

पण गावाला सांगून झालेलं होतं.

पुढचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. मी दुकानात गेलो असताना आत्यानं करडईच्या तेलाची बाटली घेतली आणि दोन्ही चाकांच्या चकत्यांना पोटभर तेल पाजलं. मग लुगड्याच्या पदरानं हलकेच पुसून घेतलं, डाग दिसू नये म्हणून. तिनं ते माझ्या जिवासाठी केलं.

सकाळी मी सायकल काढली. अंगणात ब्रेक दाबून बघितला. आवाज नाही. ब्रेक बसले, असं म्हणून मी खूश झालो. माळावर सायकल हातानं ढकलत चढवली. वर वारा पडला होता. एरवी त्या माळावर टिटव्या माणसाला बोलू देत नाहीत, त्या दिवशी एकही नव्हती. खाली आमचं शेत, आणि शेतात विहिरीचं काळं गोल तोंड. वरून ते ताटलीएवढं दिसतं. कुणी सांगावं, माझ्याकडंच बघत होतं.

सुटलो. पहिले दगड टायरनं खरंच धरले. पुढचं सस्पेन्शन खाली-वर होत होतं, मागून फ्रेम एकेक दगडाची ओळख करून देत होती, आणि मी एवढा उडत होतो की मधेमधे मला पलीकडच्या तालुक्याचं पाणी दिसलं. अर्ध्यात आल्यावर वेग आवरायला मी बोटानं ब्रेक दाबला. दांडा आला, चाक थांबलं नाही. दोन्ही दाबले. सगळ्या बोटांनी दाबले. ताटलीची परात झाली. चाक गप्प होतं. इतका सुनसान उतार मी जन्मात कधी ऐकला नाही. दगड वाजत होते, माझे दात वाजत होते, चाकातून मात्र शब्द नाही.

वळण आलं तेव्हा वळण्यासारखा वेग राहिला नव्हता. तेवढ्यात ती चार बोटं आठवली. मी टांग काढली आणि उजवीकडं कुंपणाला रचलेल्या बाभळीच्या फांद्यांवर उडी घेतली. आजही पाऊस येणार असला की त्यातला एखादा काटा पाठीतून डोकं काढून आभाळाकडं बघतो. सायकल माझ्याविना पुढं गेली. विहिरीच्या काठावर ती थबकलीसुद्धा नाही. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाणी वाजलं.

बुडालेली बादली काढायचा गळ टाकून सायकल बाहेर काढली. रविवारी मेहुणा आला. त्यानं ब्रेक उघडले, चकतीला धरणारे पॅड नाकाला लावले आणि माझ्याकडं बघितलं.

"दाजी, करडईचं तेल हाय का हे?"

मी पडवीकडं बघितलं. आत्या बाजेवर बसून होती, माझ्या पाठीला लावायला हळद कालवत. मी म्हणालो, "गप बस."

तिला मी सांगितलं नाही. एका माणसाला वंगणावाचून गमावलं म्हणून ती आजवर जळते. दुसऱ्याला वंगणानं गमावणार होती, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तेलाचं तिनं आपणहून कबूल केलं, पण तिचं म्हणणं असं की तेल पाजलं म्हणूनच मी वाचलो, चाक रडत असतं तर विहिरीत मीच गेलो असतो. मेहुण्यानं चकत्या धुतल्या, पॅड नवे घातले. सायकल परत रडायला लागली. आता ती रडली की माझ्या जिवात जीव येतो.

"परत रडतीय बग," आत्या म्हणाली.

"रडू दे, आत्या. माझ्यासाठी रडती."

"जित्या माणसासाठी?"

करडईची बाटली मी दुकानात नेऊन लपवली. रोज निघण्याआधी मागचं चाक उचलतो, फिरवतो, ब्रेक दाबतो आणि रडं ऐकूनच टांग टाकतो.

परवा सकाळी चाक उचललं, फिरवलं, दाबलं. ते हळूच, आवाज न करता फिरत राहिलं. मी वाकून वास घेतला. ह्या वेळी शेंगदाण्याचं होतं.

आत्यानं पदराला बोटं पुसली.

"जा आता," ती म्हणाली. "बिनघोर जा."