साळूबाईनं शेजार हाकलला

पाटसच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या साळूबाईच्या तोंडाला गावातली कुत्रीसुद्धा घाबरायची. नवरा लवकर गेला. दोन म्हशी आणि एक जीभ, एवढ्यावर बाईनं संसार रेटला. शेजारी अकबर मुलाणी, ऊसगाड्यांच्या टायरची पंक्चरं काढायचा. त्याची बायको बेगम आणि साळूबाई नळावरून भांडायच्या, कोंबड्यांवरून भांडायच्या, काहीच नसलं तर चुलीचा धूर कुणीकडं गेला यावरून भांडायच्या.

डिसेंबर ब्याण्णवात तिकडं अयोध्येत मशीद पडली आणि इकडं आमच्या पोरांना एकाएकी इतिहास आठवला. दहावीला इतिहासातच गचकलेले सगळ्यात पुढं होते. गावचे पुढारी बापूसाहेब, त्यांच्या ओट्यावर बैठक बसली. त्यांच्या ऊसगाडीचं टायर अकबरनं आदल्याच दिवशी नीट करून दिलं होतं, त्यामुळं धर्मकार्याला वाहनाची अडचण नव्हती. दुपारनंतर अकबरचं घर पेटवायचं ठरलं. बेत इतका गुप्त, की आत दूध घालायला गेलेल्या साळूबाईला शब्दन् शब्द ऐकू आला.

ती तडक नळावर गेली आणि बेगमच्या कानाशी लागली.

"आज म्या तुला भांडून गावाभायेर काढणार हाय. रड, वरड, पर चल. तुझा भाऊ दौंडला रेल्वेच्या कॉलनीत ऱ्हातो न्हवं? तिथवर नेते."

"आन् अल्फियाला काय सांगू?"

"काय बी सांगू नगं. पोर खरी रडली, तरच लोकांना खरं वाटंल."

अल्फिया आठ वर्षांची. म्हैस व्याली, की साळूबाईच्या मांडीवर बसून खरवस खायची.

साळूबाईनं दिराची बैलगाडी जुंपून आणली आणि अकबरच्या दारात उभं राहून जे तोंड सोडलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. "उचला भांडी! पुन्यांदा या गावात पाय ठेवायला कारण नगं!" तिनं पातेली स्वतः गाडीत फेकली. रॉकेलचे डबे घेऊन आलेली वीरमंडळी डबे खाली ठेवून टाळ्या वाजवू लागली. फुकटात काम होत असेल तर रॉकेल कोण जाळतो? अल्फिया मात्र साळूबाईच्या पदराला लोंबकळून "मावशी, मावशी" करत होती. साळूबाईनं तिचा हात झिडकारला आणि तिला उचलून गाडीत टाकलं.

फाट्यावर शेजारच्या गावचा मच्छिंद्र आपली टोळी घेऊन आडवा आला. हातात काठ्या.

"म्हातारे, खाली उतरव त्यांना. हितंच निकाल लावू."

अकबरनं पोरीला कवटाळलं.

साळूबाईनं कासरा ओढला. "लाव की! बापूसाहेबांनी मला सांगितलंय हद्दीभायेर टाकून ये म्हणून. त्यांच्या कामात तू हात घालणार? जा, इचारून ये. मी थांबते."

बापूसाहेबांना विचारायला जाण्याइतका शूर त्या टोळीत कुणी नव्हता. गाडी सुटली. पुढं बराच वेळ साळूबाई काही कारण नसताना बैलांनाच शिव्या देत होती.

दौंडला बेगमच्या भावानं क्वार्टरचं दार उघडलं. बेगमनं साळूबाईचे हात धरले. "सोड, म्हशींच्या धारा ऱ्हायल्यात," साळूबाई म्हणाली. अल्फिया मामाच्या पाठीमागं लपली होती. ती पुढं आली नाही.

गावात परतल्यावर पोरांनी साळूबाईच्या गळ्यात हार घातला. तिनं तो म्हशीला चारला, म्हैस अकबरच्या ओसरीत बांधली आणि दाराला आपलं कुलूप लावलं. "ही जागा आता माझी. आग लावाल तर म्हैस जळंल." माणसांच्या वेळी न आठवलेलं पाप म्हशीच्या वेळी सगळ्यांना आठवलं. घर वाचलं.

उन्हाळ्यात गावात शांतता समिती झाली. अध्यक्ष अर्थात बापूसाहेब. "मुलाणी कुटुंबाला मीच सुखरूप दौंडला पोचवलं," असं त्यांनी भाषणात सांगितलं. फाट्यावर साळूबाईनं त्यांचं नाव घेतलंच होतं, तेव्हा पुरावाही तयार होता. टाळ्या कडाडल्या. साळूबाईला बोलावणं नव्हतं. ती शेण थापत होती.

पुढं अकबर परत आला, दुकान उघडलं. बेगमनं लेकीला सगळं समजावून सांगितलं. पोरगी हुशार, तिला पटलंही. तरी साळूबाईचा आवाज आला की तिचे पाय आपोआप आतल्या खोलीकडं वळायचे. साळूबाई खरवसाची वाटी बेगमच्या हातात द्यायची आणि ती पोर निघून जाताना बघत उभी राहायची.