अठरा नंबरची फांदी

विषाणू कधी खोटं बोलत नाही, असं शहरातून आलेल्या संशोधक बाई म्हणाल्या आणि ग्रामपंचायतीत टाळ्या पडल्या. गावात एचआयव्ही कसा पसरला, ते त्यांनी रुग्णांच्या रक्तातल्या विषाणूंची जनुकं जुळवून शोधलं होतं. भिंतीवरच्या तक्त्यात फांद्या होत्या आणि नावांऐवजी आकडे. आम्ही तो वंशावळीसारखा वाचला.

"ह्यात मूळ पुरुष कोण?" सरपंचांनी विचारलं.

सगळ्यांनी शांताबाईकडे पाहिलं. ती ट्रक ड्रायव्हरची विधवा. रोग तिनेच आणला, हे गावाने दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.

ती उठली. "अठरा नंबर मीच. सांगा बाई, माझ्यापासून कुणाला गेला?"

"कुणालाच नाही. तुमची फांदी अगदी वेगळी आहे. बाकीचे विषाणू जवळजवळ सारखे आहेत. थोड्याच दिवसांत पसरलेले, बहुधा न बदललेल्या सुईतून."

आमच्या गावात इंजेक्शन दिल्याशिवाय डॉक्टरला कुणी डॉक्टर मानत नाही. ते देणारे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. विषाणूला आपला माग पुसता येत नाही. आम्हाला नुसतं खाली पाहून तो पुसता आला.

सभा संपली, चहा आला. सगळ्यांना काचेच्या पेल्यांत मिळाला, शांताबाईला तेवढा कागदी कपात.