वडिलांना विचारलंत का?

एकाच ऑफिसात बरीच वर्षं काढली, की पगाराबरोबर किस्सेही जमत जातात. बरं, त्यातून कोणी टॅक्स कापत नाही! आमच्या टीमचे तर निम्मे किस्से एकाच प्रश्नावरचे आहेत.

आम्ही कॉम्प्युटरवर यंत्रांची मॉडेलं बनवतो. आमच्या मॉडेलिंगच्या भाषेत ‘यंत्र’ हा वरचा क्लास, म्हणजे मूळ साचा, आणि ‘पंप’ त्याचा वारस. पंपानं स्वतःची ‘सुरू हो’ ही मेथड, म्हणजे कृतीची आज्ञा, लिहिली, की यंत्राची मूळ मेथड आपोआप चालत नाही. तिला ‘सुपर’ म्हणून मुद्दाम बोलवावं लागतं. आमच्या लीड अनघाताई, मुक्काम नारायण पेठ, ह्याला ‘वडिलांना विचारणं’ म्हणतात.

*

वर्ध्याहून तुषार नवा आला. पहिल्याच कोड-रिव्ह्यूत ताईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “आपण वडिलांना विचारलंत का?”

तो घाबरला. “नाही जी. बाबा ड्युटीवर असतीन. संध्याकाळी फोन करतो!”

“मग कोडही संध्याकाळीच दाखवा.”

आम्ही पोट धरून हसलो. ताई हसल्या नाहीत.

*

क्लायंटसमोर डेमो. पडद्यावर झडप बंद, आणि तुषारचा पंप सुरू! झडप तपासायचं काम यंत्राच्या मूळ मेथडमध्ये होतं, आणि हा तिला बोलवायलाच विसरला होता.

“अहो, हा असा कसा चालतो?” क्लायंटनी विचारलं.

“वडील आहेत,” ताई म्हणाल्या, “पण चिरंजीवांना त्यांची गरज वाटली नाही.”

क्लायंट इतके खूश झाले की त्यांनी आणखी एकदा चहा घेतला.

*

दुरुस्ती करताना तुषारनं मेथड बोलवली खरी, पण घाईत ‘सुपर’ हा शब्दच गाळला. झालं! मेथड स्वतःलाच बोलवत राहिली आणि प्रोग्रॅम कोसळला.

“स्वतःलाच विचारत बसलात, तर उत्तर कोण देणार?” ताई म्हणाल्या.

“बरोबर!” टेस्टिंगमधली ऋतुजा जरा जास्तच जोरात म्हणाली.

त्या दोघांचं जमलंय, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिच्या घरचे राजी होते. ह्याच्या बाबांना मात्र काहीच माहीत नव्हतं. “बाबा लई कडक हायेत. नाही म्हणाले तं?” ह्या धास्तीनं गडी महिनोन्‌महिने टाळत होता. पोरगा मनानं फार चांगला, त्यामुळे आम्हालाही काळजी वाटायची.

*

शेवटी ऋतुजानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “आई आता थांबायला तयार नाही. रविवारी दुसरं स्थळ येतंय. मला त्यांच्यासाठी पोहे करायचे नाहीयेत.”

तुषारनं तिथल्या तिथे फोन लावला. गडबडीत स्पीकरही चालू झाला.

“बाबा, तुम्हाले इचारल्याशिवाय मी काही करणार नाही, पण...” असं म्हणून त्यानं एका दमात सगळं सांगितलं.

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. ऋतुजा जमिनीकडे बघत उभी होती.

मग बाबांचा खणखणीत आवाज आला, “अबे, मले काय इचारतं? म्या तरी माह्या बापाले कुठं इचारलं होतं!”