अर्ज जाईपर्यंत दोन शब्द

रेणुकादास देगलूरकरांची नोकरी म्हणजे शिकल्यासवरल्या माणसांना गप्प बसवण्याची. नांदेडात एका विद्यापीठाच्या उद्योग कक्षाचे ते प्रमुख. प्रमुख म्हणजे कक्षात ते एकटेच. प्रयोगशाळेत कोणी काही नवं शोधलं की त्याचं पेटंट मिळवायचं, भांडवल घालणारा माणूस गाठायचा आणि त्या शोधाचा चालता धंदा उभा करून द्यायचा, हे त्यांचं काम. पण पेटंटाचा कायदा मोठा खट. अर्ज दाखल व्हायच्या आत कृती चारचौघांत फुटली की ती नवी राहत नाही, मग बसा हात चोळत. आणि आपल्याकडे माणसानं काही केलं की आधी त्याचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि मग 'दोन शब्द'.

भोकरला असंच झालं होतं. सत्काराला उत्तर देताना एका प्राध्यापकांनी भरात येऊन अख्खी कृती मापांसकट सांगितली, पेपरवाल्यानं ती फोटोसकट छापली आणि होऊ घातलेली कंपनी जागच्या जागी आटोपली. तेव्हापासून देगलूरकरांनी या दोन शब्दांची धास्तीच घेतली. कोणी संशोधक समोर आला की नमस्काराच्या आधी विचारायचे, "कुठं बोलला नाहीत ना?" मुळात माणूस काळजीखोर. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचे, जिना उतरून परत वर यायचे आणि पुन्हा ओढायचे. बायको इंदू म्हणायची, "चोरानं नाही तोडलं तरी तुम्हीच तोडाल ते एक दिवस."

असा माणूस एकदाच गाफील राहिला, आणि नेमका सृष्टीच्या बाबतीत.

सृष्टी किल्लारीची, शेतकऱ्याची मुलगी, विद्यापीठात संशोधन करणारी. साठवलेल्या तुरीला भुंगे लागू नयेत म्हणून दाण्यावर द्यायचा एक लेप तिनं शोधून काढला होता. लातूरचे डाळमिलवाले चन्नबसप्पा तिच्या कंपनीत उतरायला तयार होते, पण आधी अर्ज गेला पाहिजे म्हणत. त्यांचं चूक नव्हतं. उद्या जो तो तोच लेप करून विकायला लागला, तर त्यांनी पैसे कशाला अडकवायचे? आणि हे जुळलं नाही तर सृष्टीला हैदराबादेत कुठंतरी नोकरी धरावी लागणार होती. लेप राहणार होता प्रयोगशाळेच्या कपाटात.

गावची पोरगी कंपनी काढणार म्हटल्यावर गावानं रविवारी सत्कार ठरवला. सृष्टी विचारायला आली, "सर, काय बोलू? काय नको बोलू?" तिचा उजळलेला चेहरा बघून देगलूरकरांचाही ऊर भरून आला. म्हणाले, "शनिवारी अर्ज जातोच आहे. रविवारी बिनधास्त सांग सगळं. तुझंच गाव आहे."

रविवारी सकाळी ते लातूरला चन्नबसप्पांच्या मिलमध्ये कराराचा मसुदा वाचत बसले होते. तेवढ्यात पुण्याहून वकील मालविकाबाईंचा फोन आला. "सर, अर्ज गेला नाही. काल संध्याकाळपासून साइट अडकलीय. मी बसलेच आहे, प्रयत्न चालू आहेत."

बाहेर येऊन देगलूरकरांनी सृष्टीला फोन लावला. वाजला, पण उचलला नाही. पुन्हा लावला. सत्काराची साडी नेसलेल्या मुलीच्या हातात फोन कुठून असणार? तिचे वडील हणमंतराव, त्यांचाही लागेना.

"काय झालं सर? तोंड का उतरलं?" ते आत आले तसं चन्नबसप्पांनी विचारलं.

"काही नाही, पित्त," असं म्हणून देगलूरकरांनी बॅग उचलली. खरं सांगावं, तर हा माणूस इथंच करार गुंडाळून ठेवील, ही भीती.

औशापर्यंत बस मिळाली, पुढं जीप. जीप भरल्याशिवाय हलेना. "आजून दोघं तिघं येऊ द्या की, घाई काय हाय?" ड्रायव्हर म्हणाला आणि पान लावत बसला. घाई काय आहे! देगलूरकरांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. शेवटी ते स्वतःच उतरले आणि रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायला लागले, "चला किल्लारी, किल्लारी!" विद्यापीठातल्या कोणी हे बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, हेही त्यांच्या मनात आलं नाही. मनात एकच चालू होतं. मीच तिला बोल म्हटलं. एवढ्या जणांची तोंडं बंद करत फिरलो आणि हिला मीच सांगितलं, बिनधास्त बोल.

गावात जीप शिरली तेव्हा कर्ण्यातून सृष्टीचाच आवाज येत होता. देगलूरकर पळाले. मंडप गच्च भरला होता, आणि स्टेजवर सृष्टी माईक धरून सांगत होती, "तर हा लेप काही बाहेरून आणायचा नाही. आपल्याच बांधावर एक झुडूप असतं, त्याची..."

पुढं जायला वाट नव्हती. ओरडावं तर काय ओरडावं? देगलूरकरांनी नुसता हात वर केला.

तो हात शाळेच्या बजरंग सरांना दिसला. ते देगलूरकरांना ओळखत होते, आणि सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. आपल्याकडची रीत वाचकांना ठाऊकच आहे. पाहुणा उशिरा आला तरी त्याचा मान चुकत नाही, मग बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं तरी चालतं. बजरंग सरांनी सृष्टीच्या हातातून माईक घेतला. "एक मिनिट, ताई! आत्ताच आपल्यामध्ये नांदेडहून विद्यापीठाचे मोठे साहेब आलेले आहेत. मी त्यांना विनंती करतो, स्टेजवर यावं."

देगलूरकरांना फेटा बांधायला घेतला. जन्मात फेटा न आवडलेला हा माणूस मनात म्हणत होता, सावकाश बांधा, अजून दोन वेढे द्या. शाल झाली, नारळ झाला. आणि बजरंग सर म्हणाले, "साहेबांनी दोन शब्द बोलावेत."

माईक हातात आल्यावर एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. हा आपल्या हातात आहे तोवर तो तिच्या हातात नाही.

मग देगलूरकर बोलले. पंचक्रोशीतल्या मान्यवरांची नावं घेतली, राहिलेल्यांची क्षमा मागितली. तुरीच्या वरणावर बोलले, फोडणीवर बोलले, शाळेच्या इमारतीवर बोलले, औशाच्या जीपवाल्यांवरही बोलले. बोलून झालेलं परत बोलले. मागची पोरं टाळ्या वाजवायला लागली, बसा म्हणून. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं. स्वयंपाक्यानं मंडपाच्या कडेला येऊन भात निवायला लागल्याची खूण केली. देगलूरकरांच्या फेट्याखालून घाम गळत होता, कानशिलं तापली होती, तरी तोंड थांबेना. आणि सृष्टी बाजूला उभी राहून त्यांच्याकडे नुसती बघत होती. सरांना झालंय तरी काय, हे तिला कळत नव्हतं.

शेवटी शालीखाली खिशातला फोन थरथरला. देगलूरकरांनी वाक्य मध्येच सोडून तो बाहेर काढला. मालविकाबाईंचा निरोप होता: अर्ज दाखल झाला. क्रमांकही आला होता.

त्यांचा जीव भांड्यात पडला. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," ते म्हणाले. टाळ्या पडल्या त्या सुटकेच्या. त्यांनी माईक सृष्टीकडे करायच्या आत अध्यक्ष उठले, बजरंग सरांनी घाईघाईनं आभार मानले आणि मंडप पंगतीकडे वळला. माईक बंद झाला तेव्हा सृष्टी जागेवरच उभी होती.

मंडप रिकामा झाला. पुढच्या सतरंजीवर एक बाई मात्र बसून राहिल्या होत्या. सृष्टीची आई, केवळाबाई. हणमंतराव त्यांना उठवत होते. "चल की, पंगत बसायली."

"झालं का सगळं?" केवळाबाईंनी विचारलं. मग देगलूरकरांकडे बघून म्हणाल्या, "तुमी लई बोलले, साहेब. चांगलं बोलले. पर आमची पोरगी तिकडं नांदेडात काय करायली ते मला आजवर कोणी सांगितलं न्हाई. इचारलं की म्हणती, सरांनी सांगू नको म्हणलंय. आज कळंल म्हणून सकाळधरनं म्होरं बसले होते."

देगलूरकरांना फार वाईट वाटलं. सृष्टीजवळ जाऊन त्यांनी अर्जाचं सगळं सांगितलं, कसा अडकला, कसा गेला. तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "आता काही भीती नाही," ते म्हणाले. "सांग आईला."

सृष्टी आईजवळ सतरंजीवर बसली. तिनं आधी देगलूरकरांकडे बघितलं. "सर, सांगू ना नक्की?"

"अगं, सांग."

तरी तिनं मागं वळून मंडपात कोणी आहे का ते बघितलं. मग आईच्या जवळ सरकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू आवाजात सांगायला लागली.

केवळाबाईंनी मान मागं घेतली आणि लेकीकडे बघितलं. "आसं कानात का सांगायलीस गं?" त्या म्हणाल्या. "कुनाचं चोरलंस का काय?"