खळ्यावरचा माणूस

पनवेलजवळ डोंगराच्या पायथ्याला नवीन इमारत झाली. तिथे घरं दाखवायला एक माणूस ठेवला होता. मी आणि माझा मुलगा चारदा गेलो, चारही वेळा तो गाड्या लावायच्या जागेपाशी आला की चपला काढून हातात घ्यायचा. ही जमीन पूर्वी त्याच्याच घरची; तिथे त्यांचं भात झोडायचं खळं होतं, आणि खळ्यात कोणी चपला घालून जात नाही. लोक हसायचे. मीही हसले.

बोलणं सावकाश, मधूनच डोंगराकडे नजर. स्वयंपाकघराला तो 'बांधावरची खोली' म्हणायचा. ऐकता ऐकता मला फरशीच्या जागी भाताची हिरवी पात डोलताना दिसायची. मी तशी भोळी नाही.

माझे गुडघे दुखतात म्हणून मुलाने तळमजल्यावरचं घर ठरवलं होतं. सह्या करायच्या दिवशी तो माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, ह्ये घर नका घेव. हितं आमचं खालचं खाचर व्हतं. डोंगराचं पानी पयलं हितंच भरतं."

"तुझ्या साहेबाला कळलं तर?"

"काढंल मला. पन तुमी पान्यात बसाल, त्याचं काय?"

"मग कुठलं घेऊ?"

"दुसऱ्या माळ्यावरचं. आमच्या आंब्याचा शेंडा तितवर जायचा."

मुलगा चिडला. साहेबाला मी सांगितलं, म्हातारीला वारा हवा. दुसरा मजलाच घेतला.

आता सकाळी गॅलरीत चहा पिते, आणि वारा सुटला की कठडा घट्ट धरते. जन्मात कधी झाडावर चढले नव्हते.